आयुर्वेदीय औषधालयातील नियमपालन व धोक्यांवरील देखरेख : आवक नोंदवहीच्या निमित्ताने

औषध निरीक्षक येणार असल्याची चाहूल लागली की औषधालयात जी लगबग सुरू होते, ती आपल्यापैकी बहुतेक फार्मसीचालकांच्या परिचयाची आहे. कपाटांवरची धूळ झटकली जाते, खलबत्ते घासले जातात, महिन्यामहिन्यांच्या राहून गेलेल्या नोंदी एकाच बैठकीत, एकाच शाईने आणि एकाच हस्ताक्षरात पूर्ण होतात. निरीक्षक येतात, पाहतात, शेरा लिहितात. त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली की चालक चहा मागवितात. या दृश्याकडे आम्ही कुत्सितपणे पाहत नाही. आम्हीही अशा लगबगीत अनेकदा सहभागी झालो आहोत. परंतु गेल्या काही वर्षांत आमचे असे मत बनत गेले आहे की, नियमपालन आणि देखरेख या दोन भिन्न गोष्टी असून पहिली पूर्ण झाली म्हणजे दुसरी आपोआप झाली, या समजुतीतच आपल्या व्यवसायाचा खरा धोका दडलेला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा व साखर कारखान्यांचा. म्हणून त्याच क्षेत्रातील एक उदाहरण घेतो. कारखान्याच्या बॉयलरला सरकारी निरीक्षकाचे प्रमाणपत्र मिळते ते फार तर वर्षभराचे. पण बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखविणारी काच मात्र प्रत्येक पाळीत बॉयलर अटेंडंटलाच पाहावी लागते. प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले आहे म्हणून काचेकडे पाहिले नाही तरी चालेल, असे कोणताही शहाणा अटेंडंट म्हणणार नाही. आपल्या औषधालयात परवाना भिंतीवर असतो; काच कोठे आहे, हा प्रश्न आपण स्वतःला फारसा विचारीत नाही.

धोका पोत्यातून येतो

डिसेंबर २०२४ मध्ये अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला पुरविलेल्या प्रतिजैविक गोळ्यांचे प्रकरण उजेडात आले व त्यासंबंधी गुन्हा नोंदविला गेला. वेष्टनावर ॲझिथ्रोमायसिनचे नाव होते. प्रयोगशाळेच्या तपासणीत गोळीमध्ये ते औषधच आढळले नाही. आपल्याकडील अनेक रुग्ण ज्या रुग्णालयात जातात तेथील ही घटना असल्याने जिल्ह्यात तिची मोठी चर्चा झाली. त्या वेळी आपल्या काही वैद्यमित्रांच्या बोलण्यात ‘हा ॲलोपॅथीचा प्रश्न आहे’ असा समाधानाचा सूर उमटला. तो आम्हांस पटला नाही. गोळीत काय आहे हे ती घेणाऱ्याला, देणाऱ्याला आणि खरेदी करणाऱ्याला केवळ पाहून कळत नाही, ही अडचण कोणत्याही एका वैद्यकपद्धतीची नाही.

महाराष्ट्राच्या औषधव्यवहारात याहून दारुण प्रसंग १९८६ साली घडला. त्याचा अभ्यास प्रत्येक फार्मसीचालकाने एकदा तरी करावा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत मेंदूवरील व डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी काही रुग्णांना ग्लिसरीन देण्यात आले. त्यानंतर त्यांची वृक्के निकामी होऊ लागली आणि चौदा रुग्ण दगावले. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी द्रव्य मिसळलेले होते. पुढे न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. आयोगाच्या अहवालाने रुग्णालयाची खरेदीपद्धती, पुरवठादार, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालय यांपैकी कोणालाच सोडले नाही, आणि १९८८ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला.

या प्रकरणात आम्हांस सर्वांत अस्वस्थ करणारी बाब मंत्र्यांचा राजीनामा ही नव्हे. औद्योगिक दर्जाचा माल औषधी दर्जाचा म्हणून एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि प्रत्येक हाताने आधीच्या हाताच्या कागदावर विश्वास ठेवला, ही ती बाब होय. डायएथिलीन ग्लायकॉल रंगहीन, दाट आणि चवीला गोडसर असते. ग्लिसरीनही तसेच असते. डोळा, नाक आणि जीभ येथे तिन्ही हरतात. हेच द्रव्य २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात आणि २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून बालकांच्या पोटात गेले. तेव्हा मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांत हा धडा सर्वांनी गिरविला असे म्हणता येत नाही. आपल्यापैकी जे सिरप तयार करतात वा दुसऱ्याकडून करवून घेतात, त्यांच्या पाकात ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल असेल तर त्या पिंपावरील दर्जा, उत्पादकाचे मूळ नाव आणि तपासणीचा दाखला त्यांनी पाहिला आहे काय? व्यापाऱ्याने सुट्या डब्यात ओतून दिलेले ग्लिसरीन स्वस्त पडते. ते घेऊ नये, इतकेच येथे सांगतो.

कायदा कोठवर सोबत करतो

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्यात आयुर्वेदीय व युनानी औषधांसाठी चौथे-अ हे स्वतंत्र प्रकरण आले ते १९६४ च्या दुरुस्तीने. उत्तम निर्मितीपद्धतीचे नियम, म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘जीएमपी’ म्हणतो ते परिशिष्ट ‘टी’, २००० साली आले व २००३ मध्ये त्यात सुधारणा झाली. त्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांतील लहान औषधालये बंद पडतील अशी ओरड झाली होती. काही बंद पडलीही. त्यातील सर्वच वाईट होती असे नाही आणि टिकली ती सर्वच चांगली होती असेही नाही.

वैद्यांसाठी कायद्यात एक सवलत आहे. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्याला निर्मितीचा परवाना लागत नाही, आणि जो नोंदणीकृत वैद्य आपले औषध बाजारात न विकता केवळ स्वतःच्या रुग्णांना देतो त्याला परिशिष्ट ‘टी’ लागू होत नाही. ही सवलत रास्त आहे. वैद्याने स्वहस्ते औषध सिद्ध करण्याची परंपरा तिच्यामुळे जिवंत राहिली. परंतु तिचा अर्थ लावताना आपल्याकडे दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे हेच औषध बाटलीत भरून, लेबल लावून शेजारच्या भावाच्या दुकानात ठेवणे. ज्या क्षणी ते आपल्या रुग्णाखेरीज दुसऱ्या कोणास विकले गेले, त्या क्षणी सवलत संपली. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. परवाना लागत नाही म्हणजे नोंदही लागत नाही, असे गृहीत धरले जाते. कायद्याने नोंद मागितली नाही हे खरे. पण रुग्णाला काही झाले तर ती मागणारे दुसरे पुष्कळ जण असतात. त्याचा आमचा अनुभव पुढे देत आहोत.

किरकोळ विक्रेत्यांची स्थिती तर आणखी विचित्र आहे. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही, त्यामुळे किराणा दुकानातही काढे व चूर्णे मिळतात. मात्र विनापरवाना तयार केलेले, भेसळयुक्त वा बनावट औषध विकणे अथवा विक्रीसाठी साठविणे हा गुन्हाच आहे. म्हणजे दुकानदाराला परवाना नाही, पण जबाबदारी आहे. वेष्टनावर निर्मिती परवान्याचा क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख, वापराची मुदत व घटकद्रव्यांची यादी नसेल तर तो माल फळीवर चढवूच नये. सांधेदुखीवर तासाभरात उतार देणाऱ्या, विना लेबलाच्या पुड्यांबद्दल तर बोलावयासच नको. अशा पुड्यांत स्टेरॉइड व वेदनाशामक औषधे सापडल्याची प्रकरणे देशभर पुनःपुन्हा घडली आहेत, आणि बदनामी प्रत्येक वेळी आयुर्वेदाची झाली आहे.

ऑक्टोबर २०२१ मधील दुरुस्तीने निर्मिती परवाना एकदाच घ्यावयाचा व त्यानंतर दरवर्षी आपण नियम पाळीत असल्याची स्वयंघोषणा ऑनलाइन करावयाची, अशी व्यवस्था आली. नूतनीकरणाच्या खेटा वाचल्या म्हणून अनेकांनी तिचे स्वागत केले, आम्हीही केले. तथापि तिची दुसरी बाजू ध्यानात घ्यावी. पूर्वी ‘सर्व ठीक आहे’ असे सरकार लिहीत असे. आता ते आपण लिहून देतो. घोषणेखालील सही आपली असते.

प्राचीन परीक्षा आणि त्यांची मर्यादा

देखरेखीची कल्पना आपणांस परकीयांकडून घ्यावी लागली, असे मानण्याचे कारण नाही. रसशास्त्रातील भस्मपरीक्षा म्हणजे तयार मालाची तपासणीच होय. भस्म तर्जनी व अंगठ्यात चोळले असता बोटांच्या रेषांत शिरले पाहिजे, स्थिर पाण्यावर तरंगले पाहिजे, अभ्रकाच्या भस्मात चकाकी उरता कामा नये, मित्रपंचकासह तापविल्यावर धातू पुन्हा मूळ रूपात येता कामा नये. ताम्रभस्म दह्यात टाकून काही काळ ठेवावे आणि दही हिरवट पडले तर भस्म कच्चे समजून पुन्हा पुट द्यावे, ही परीक्षा तर इतकी सोपी आहे की ती न करण्यास कोणतीही सबब नाही. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांपर्यंत टिकते असे सांगितले आहे, तर आजच्या नियमानुसार साधारण चूर्णाला दोन वर्षांची मुदत मिळते. हवाबंद वेष्टनामुळे हा फरक पडतो हे मान्य. पण पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या पोत्यातील चूर्ण कोणत्या हिशोबाने मोजावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

परंतु या परीक्षांना मर्यादाही आहे. भस्म नीट झाले आहे की नाही, हे त्या सांगतात. गुळवेलीच्या किंवा आवळकाठीच्या चूर्णात जमिनीतून, दळणयंत्रातून वा रंगविलेल्या पोत्यातून शिसे उतरले आहे की नाही, हे त्या सांगू शकत नाहीत. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या सत्तर आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील चौदा उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक सापडले. आपल्याकडे त्यावर पुष्कळ संताप झाला, आणि त्यातील काही भाग योग्यही होता. कारण शोधन-मारणाने सिद्ध केलेला रसकल्प आणि अपघाताने आलेली अशुद्धी यांत त्या अभ्यासाने भेद केला नव्हता. मात्र हा भेद करण्यासाठी लागणारी कागदपत्रे आपल्यापैकी किती जणांजवळ होती? त्यानंतर केवळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. शिशासाठी दहा, आर्सेनिकसाठी तीन, पाऱ्यासाठी एक आणि कॅडमियमसाठी ०.३ पीपीएम अशा मर्यादा आहेत. दहा पीपीएम म्हणजे एक किलो चूर्णात दहा मिलिग्रॅम. ती मात्रा कोणत्याही वैद्याच्या जिभेला कळणार नाही.

आमचा एक अनुभव

काही वर्षांपूर्वी चैत्रात, कारखान्यांचे पट्टे पडून कामगार गावी परतले त्या सुमारास, एक तरुण ऊसतोड कामगार आमच्याकडे आला. पोटात पीळ पडून वेदना, आठ-आठ दिवस मलप्रवृत्ती नाही, चेहरा पांढुरका, भूक मंदावलेली. आम्ही उदावर्त समजून अनुलोमन सुरू केले. एरंडस्नेह दिला, गंधर्वहरीतकी दिली, आठ दिवस गेले. आराम नाही. पुन्हा तपासताना हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ दिसली. ती पहिल्याच दिवशी दिसावयास हवी होती. त्याला शासकीय रुग्णालयात पाठविले. रक्तातील शिशाचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट निघाले.

दुसऱ्या दिवशी तेथील डॉक्टरांचा फोन आला. बोलणे सौजन्यपूर्ण होते. रुग्णाने त्या हंगामात दोन औषधे घेतली होती. एक, कारखान्याच्या वस्तीवर आलेल्या फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेल्या तांबूस गोळ्या, अंगात ताकद यावी म्हणून. दुसरे, दिवाळीत गावाहून निघताना आमच्याकडून नेलेले तीन महिन्यांचे चूर्ण. डॉक्टरांनी विचारले, ‘वैद्यसाहेब, हे चूर्ण कोणत्या लॉटचे? त्यातील द्रव्ये कोठून घेतली?’

आम्हांस उत्तर देता आले नाही. चूर्ण आमच्याच देखरेखीखाली कुटले होते, हे खरे. पण त्या वर्षी आम्ही दोन व्यापाऱ्यांकडून द्रव्ये घेतली होती, आणि पहिल्या दळणाचे अर्धे चूर्ण बरणीत असतानाच दुसरे दळण त्यावर ओतले होते. बरणीवर नाव होते, तारीख नव्हती. एका व्यापाऱ्याचे बिल सापडले. दुसऱ्याने साध्या चिठ्ठीवर हिशोब दिला होता आणि ती चिठ्ठी केव्हाच गेली होती. बरणीत उरलेले चूर्ण आम्ही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठविले. अहवाल आला : शिसे मर्यादेत. त्या रात्री झोप लागली खरी, पण पुरती नव्हे. तपासले गेले ते बरणीत उरलेले चूर्ण. रुग्णाने खाल्ले ते नव्हे. तांबूस गोळ्या संपून गेल्या होत्या आणि विक्रेत्याचा पत्ता कोणासच ठाऊक नव्हता. त्या गोळ्यांचाच तो दोष असावा, असे डॉक्टरांचे व आमचेही मत झाले. पण ते मतच राहिले. सिद्ध करण्याचे साधन आमच्याजवळ असावयास हवे होते आणि ते नव्हते.

रुग्ण उपचारांनी सावरला. पण पुढचा हंगाम त्याला करता आला नाही. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. त्यातील अर्धा घरी बसला तर मुकादमाकडून घेतलेली उचल फिटत नाही, ती डोक्यावर राहते आणि वाढते. त्याची पत्नी एकदा औषधालयात आली होती. तिने आम्हांस काही दोष दिला नाही. एवढेच विचारले, ‘तुमचंच औषध होतं का हो ते, वैद्यबुवा?’ नाही, असे आम्ही म्हणालो. ते खात्रीने म्हणता आले नाही, हे तिलाही कळले असावे.

आवक नोंदवही

त्यानंतर आम्ही जी पद्धत सुरू केली ती येथे सविस्तर देतो, कारण तिच्यासाठी यंत्र लागत नाही आणि खर्चही जवळजवळ शून्य आहे. दाराशी एक जाड वही ठेवली. माल आत येण्यापूर्वी त्यात तारीख, व्यापाऱ्याचे नाव, बिल क्रमांक, द्रव्याचे मराठी व वनस्पतिशास्त्रीय नाव, वजन आणि आम्ही त्या पोत्याला दिलेला क्रमांक लिहिला जातो. क्रमांक साधा असतो : वर्ष, महिना आणि त्या महिन्यातील अनुक्रम. बिल नसलेला माल परत. या एका नियमामुळे आमचे दोन जुने व्यापारी रुसले. त्यातील एक वर्षभराने बिलासह परत आला.

पोते आत आले की त्यावर ‘तपासणीत’ असा पिवळा कागद लागतो. तपासून झाले की हिरवा ‘मंजूर’ किंवा तांबडा ‘नामंजूर’. परिशिष्ट ‘टी’ मध्ये मोठ्या कारखान्यांकडून हीच अपेक्षा आहे; लहान औषधालयात ती पाळण्यास अडचण जागेची असते, म्हणून आम्ही खोलीच्या कोपऱ्यात चुन्याने एक चौकोन आखला आणि नामंजूर माल त्याबाहेर जाणार नाही एवढे पाहिले. कामगारांना हे प्रथम थट्टेचे वाटले. चौकोनाला त्यांनी ‘कोठडी’ असे नाव दिले, आणि आज तेच नाव रूढ आहे.

तपासणीत काय पाहावे? येथे वैद्याचे ज्ञान उपयोगी पडते आणि येथेच ते बहुधा वापरले जात नाही. अशोकाच्या सालीच्या नावाखाली आसोपालवाची साल येते. तो उंच सरळ वाढणारा, शाळांच्या आवारात लावलेला वृक्ष अशोक नव्हे, हे विद्यार्थीही जाणतात, पण सालीचे तुकडे पोत्यात आले की ओळखणारे थोडे. तांबडा नागकेशर म्हणून मिळतात त्या सुरंगीच्या कळ्या. वावडिंगाच्या जागी दिसायला तशीच दुसरी फळे खपतात. दारुहळदीच्या जागी दक्षिणेकडील दुसऱ्याच वेलीचे पिवळे काष्ठ येते. यातील काही प्रतिनिधी द्रव्ये म्हणून चालतील, काही चालणार नाहीत. पण चालवावयाचे असेल तर वहीत तसे लिहून चालवावे. न लिहिता चालविणे म्हणजे रुग्णाला एक सांगून दुसरे देणे होय. ज्यांना सूक्ष्मदर्शक वापरता येतो त्यांनी तो कपाटातून बाहेर काढावा. पदवीच्या काळात द्रव्यगुणाच्या प्रात्यक्षिकासाठी केलेली चूर्णपरीक्षा आम्ही पंधरा वर्षांनी पुन्हा शिकलो, आणि पहिल्याच महिन्यात हळदीच्या एका पोत्यात हळदीखेरीज बरेच काही दिसले.

प्रत्येक पोत्यातील पन्नास ग्रॅम नमुना काचेच्या बाटलीत, क्रमांक लिहून, तयार औषधाची मुदत संपेपर्यंत जपून ठेवावा. जड धातूंची तपासणी दर पोत्याची परवडत नाही, हे आम्ही जाणतो. ज्या द्रव्यांचा खप अधिक, जी दीर्घकाळ दिली जातात आणि जी लहान मुले वा गर्भिणी यांना दिली जातात, त्यांची वर्षातून एकदा तरी करावी. चार-पाच औषधालयांनी मिळून एकाच घाऊक लॉटमधून खरेदी केली तर तपासणीचा खर्च वाटला जातो. आमच्या तालुक्यात तिघांनी असे केले आहे.

आणि बरणी. जुने चूर्ण संपून बरणी धुऊन वाळल्याशिवाय तिच्यात नवे ओतावयाचे नाही. रुग्णाच्या केसपेपरवर औषधाच्या नावापुढे लॉट क्रमांक लिहावयाचा. या सर्वांत हे शेवटचे काम आम्हांस सर्वांत जड गेले, कारण गर्दीच्या दिवशी तेवढा क्षणही नकोसा वाटतो. पहिल्या सहा महिन्यांत निम्म्या केसपेपरांवर तो क्रमांक नव्हता.

सावधानतेची ओळ

परिशिष्ट ‘ई-१’ मधील विषद्रव्यांची यादी प्रत्येक दुकानात टांगलेली असावी : वत्सनाभ, कुचला, धोत्रा, बिब्बा, गुंजा, जयपाळ, अफू, भांग, पारद, हिंगूळ, हरताळ, मनःशीळ, मोरचूद इत्यादी. यांपैकी घटक असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधावर, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सावधानतेची ओळ इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. ती छापलेली असते. वाचते कोण? त्रिभुवनकीर्तीच्या गोळ्या तापावर म्हणून आपल्याकडे गल्ल्यावरून सहज दिल्या जातात. तिच्यात हिंगूळ आहे आणि वत्सनाभ आहे. वत्सनाभाचे गोमूत्रातील तीन दिवसांचे शोधन यथासांग झाले नसेल तर हृदयगती बिघडण्याचा धोका आहे. दुकानदाराने निदान एवढे करावे : चिठ्ठीवाचून देऊ नये, लहान मुलांसाठी मागितली तर वैद्याकडे पाठवावे, आणि दिलेल्या पाकिटाचा बॅच क्रमांक बिलावर लिहावा.

दुसऱ्याच्या कारखान्यात आपल्या नावाचे औषध करवून घेणाऱ्यांनी, म्हणजे लोन लायसन्सवाल्यांनी, प्रत्येक बॅचच्या निर्मितीपत्रकाची प्रत आपल्याजवळ मागून ठेवावी. ‘कारखान्यात आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. कारखाना बंद पडला, भागीदार भांडले, की ते कागद कोणास सापडत नाहीत. जाहिरातीसंबंधी १९५४ च्या जादूटोण्यासारख्या उपायांवरील कायद्याचे विवेचन स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मधुमेह समूळ नष्ट करण्याचे फलक ज्यांनी चौकात लावले आहेत, त्यांनी तोवर ते उतरवून ठेवावेत.

तक्रारींची वही

परिशिष्ट ‘टी’ नुसार निर्मात्याने बाजारातून आलेल्या तक्रारींची नोंदवही ठेवावी, तिचा वृत्तान्त दर सहा महिन्यांनी परवाना प्राधिकाऱ्यास पाठवावा आणि औषधाच्या अनिष्ट परिणामांची वही निराळी ठेवावी, असा नियम आहे. आम्ही पाहिलेल्या बहुतेक वह्यांत ‘तक्रार नाही’ एवढेच वर्षानुवर्षे लिहिलेले असते. ज्या औषधालयातून हजारो पुड्या जातात तेथे एकही तक्रार येत नाही, याचा अर्थ तक्रार नोंदविली जात नाही असाच घ्यावा लागतो. अनिष्ट परिणाम कळविण्याची व्यवस्था आता वैद्यांसाठीही आहे. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ साली जामनगर येथून सुरू झाला. पुढे नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे त्याचे राष्ट्रीय केंद्र आले आणि त्याच्याशी जोडलेली केंद्रे राज्याराज्यांतून उघडली. फॉर्म एका पानाचा आहे. तो भरल्याने आपल्या शास्त्राची बदनामी होते असे काही ज्येष्ठ वैद्य म्हणतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही असहमत आहोत. बदनामी झाली ती २००४ साली, जेव्हा आपल्याविषयीची माहिती आपल्याआधी दुसऱ्यांनी गोळा केली तेव्हा.

आमच्या वहीत गेल्या सहामाहीत तीन नोंदी झाल्या. एक, आसवाच्या बाटलीचे बूच उडाल्याची. संधान पूर्ण होण्यापूर्वी बाटल्या भरल्याचे लॉट क्रमांकावरून निश्चित झाले व त्या लॉटच्या उरलेल्या अकरा बाटल्या परत बोलाविल्या. दुसरी, अवलेहात साखरेचे खडे धरल्याची. तिसरी, एका वृद्ध स्त्रीच्या अंगावर बिब्बा असलेल्या कल्पानंतर पुरळ उठल्याची. तिचा फॉर्म भरून केंद्राकडे पाठविला, आणि त्या कल्पाच्या बिब्ब्याचे शोधन ज्या दिवशी झाले त्या दिवसाचे वहीतील पान आम्ही पुन्हा उघडले. शोधनाच्या रकान्यात विटकरीच्या भुग्यात घोळल्याची नोंद होती. किती दिवस, हे लिहिलेले नव्हते. तो रकाना आता वहीत निराळा आखला आहे.